परळहून आमच्या खळ्यापर्यंत



आमच्या बचत गटाच्या कर्ज रजिस्टरात एक रकाना आहे, ‘कर्जाचे कारण’. तुमच्याही रजिस्टरात असेलच. आमच्या रकान्यात आजवर काय काय लिहिलं गेलं बघा : जाळ्याची दुरुस्ती, गणपतीचा खर्च, शाळेची फी, आजारपण, खाजं करायला गूळ आणि बेसन, कोकमाचं आगळ भरायला बाटल्या. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत मात्र हा रकाना मोकळा राहिला. काय लिहावं हेच आम्हाला कळेना.

झालं असं, की गटातल्या एका सखीने पंधराशे रुपये मागितले. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला बाहेरगावी तपासायला न्यायचं होतं. डॉक्टरांच्या कागदावर ‘ऑक्युपेशनल थेरपी’ असं लिहिलेलं होतं. कुणीतरी तिला त्याचं मराठी करून दिलं होतं, ‘व्यवसायोपचार’. तिने तो शब्द उच्चारला आणि बैठकीत हशा पिकला. एक काकी म्हणाल्या, “पाच वर्साच्या पोराक कसलो धंदो गो?” आम्हालाही वाटलं, ही उद्योगाला कर्ज देणारी एखादी नवी योजनाच दिसते. आपल्या बचत गटांच्या कानावर ‘व्यवसाय’ हा शब्द पडला, की डोळ्यांसमोर पापड, मसाले आणि बँकेचं प्रकरणच उभं राहतं.

ती सखी मात्र हसली नाही. रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न तसाच राहिला. आजारपण म्हणावं, तर पोराला ताप नव्हता की खोकला नव्हता. शिक्षण म्हणावं, तर ती शाळाही नव्हती. त्या मोकळ्या रकान्यामुळे आम्ही विचारपूस करायला लागलो, वाचायला लागलो, मोठ्या डॉक्टरांची भाषणं ऐकायला लागलो. ही विद्या कुठून आली, आपल्याकडे कुणी आणली आणि आपल्या किनाऱ्यापर्यंत यायला तिला इतका वेळ का लागला, ते आज तुम्हाला सांगणार आहोत.

आधी त्या मुलाविषयी. मुलगा हसरा, बोलका. रापण ओढायला माणसं जमली की हा सगळ्यांच्या पुढे धावायचा, पण दोरी त्याच्या हातात टिकायची नाही. शर्टाचं बटण लागायचं नाही. चप्पल उलटी घालायचा. पेन्सिल मुठीत धरायचा, दोन ओळी गिरवल्या की हात दुखतो म्हणून रडायचा. आपल्या हाताने जेवायला बसवलं तर अर्धा भात ताटाबाहेर, म्हणून आई भरवायची. शाळेतून निरोप यायचा, ‘लक्ष देत नाही, आळशी आहे.’ घरी आजी म्हणायची, “मोठो झालो की येतला सगळा.” आम्हीही तेच म्हणत होतो. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं म्हणत होतो. ही चूक आमचीसुद्धा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आता तो ‘व्यवसाय’ शब्द. इंग्रजीतल्या मूळ शब्दाचा अर्थ नुसता धंदा असा नाही. माणूस ज्या ज्या कामात आपला दिवस घालवतो, ते सगळं त्यात येतं. मोठ्या माणसाचा दिवस नोकरीत, शेतात, होडीवर, चुलीपुढे जातो. मुलाचा दिवस जातो खेळण्यात, खाण्यात, कपडे घालण्यात, अंघोळीत, पाटीवर गिरवण्यात आणि मित्रांशी भांडण्यात. मुलाचा व्यवसाय हाच. यातलं काही त्याला जमत नसेल, तर का जमत नाही ते शोधायचं आणि तेच काम थोडं थोडं करून घेत त्याला त्यात तयार करायचं. या विद्येत मुख्य औषध म्हणजे काम. गोळी नाही, सुई नाही.

काम हे औषध आहे, हा विचार जुना आहे. इंग्लंडात एकेकाळी मनाने आजारी माणसांना साखळीने बांधून ठेवत. १७९६ साली यॉर्क शहरात विल्यम ट्यूक नावाच्या गृहस्थाने अशा रुग्णांसाठी एक वेगळं घर उघडलं. तिथे साखळीच्या जागी बागकाम, शिवणकाम आणि माणुसकीची वागणूक होती. पुढे मार्च १९१७ मध्ये अमेरिकेत काही मंडळी एकत्र आली आणि त्यांनी या उपचाराची पहिली राष्ट्रीय संस्था काढली. त्यात मानसोपचाराचे डॉक्टर होते, समाजसेविका होती, हस्तकला शिकवणारी बाई होती. जॉर्ज बार्टन नावाचे एक वास्तुरचनाकारही होते. त्यांच्या अंगाची डावी बाजू लुळी पडली होती आणि बागकाम, सुतारकाम करत करत त्यांनी स्वतःला सावरलं होतं. त्याच सुमाराला पहिलं महायुद्ध चालू होतं. जखमी सैनिकांचे हात-पाय पुन्हा कामाला लागावेत म्हणून अमेरिकेने स्त्रियांना शिकवून इस्पितळांत पाठवलं. त्या सैनिकांकडून विणकाम करून घेत, टोपल्या विणून घेत. टोपली विकायची नव्हती. टोपली विणताना बोटं पुन्हा वळायला लागत, मन थाऱ्यावर येई, त्यासाठी ते काम होतं.

आता आपल्या मुंबईत येऊ. त्या काळात मुलांना पांगळं करणारा मोठा आजार होता पोलिओ. आज आपण बाळाला दोन थेंब पाजतो आणि विसरून जातो. तेव्हा ते थेंब नव्हते. एका रात्रीत ताप यायचा आणि धावतं मूल लुळं पडायचं. फातिमा इस्माईल नावाच्या एका आईच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारासाठी या बाईंना दूरदूरच्या शहरांत फिरावं लागलं. मुलगी सुधारू लागली तेव्हा त्यांच्या मनात आलं, ज्यांना असं फिरणं परवडत नाही त्या आयांनी काय करावं? १९४७ साली त्यांनी मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यातूनच पुढे संस्था उभी राहिली आणि हाजीअलीला मुलांचं इस्पितळ झालं. १९५८ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. सुरुवात मात्र एका आईच्या धावपळीतून झाली होती.

दुसरी बाई तर परदेशातून आलेली. मूळ नाव एलिझाबेथ लुंडी, जन्म अमेरिकेतला. विष्णू निंबकर या मराठी माणसाशी लग्न करून १९३० च्या सुमाराला त्या इकडे आल्या आणि कमला निंबकर झाल्या. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शाळेत त्यांनी या उपचाराचं रीतसर शिक्षण घेतलं. परत आल्यावर १९५० साली त्यांनी मुंबईच्या केईएम इस्पितळात ही विद्या शिकवणारी शाळा सुरू केली. भारतातलीच नव्हे, आशियातली ही पहिली शाळा. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली. त्याच वर्षी जगभरच्या देशांनी मिळून जागतिक महासंघ काढला, तेव्हा पहिल्या दहा देशांत भारत होता. देश स्वतंत्र होऊन पाचच वर्षं झाली होती, हे लक्षात घ्या. १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही असं शिक्षण सुरू झालं. कमलाबाईंचं नाव आज फलटणच्या एका शाळेलाही आहे, कमला निंबकर बालभवन.

आता या इतिहासातली जी गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त लागली, ती सांगतो. केईएम इस्पितळ कुठे आहे? परळला. आणि परळ, लालबाग म्हणजे गिरणगाव. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किती घरांतली माणसं तिथे गिरणीत होती, ते आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. कुणाचे आजोबा खात्यात, कुणाचे काका मुकादम, एका खोलीत गावातली दहा-दहा माणसं. आजारी पडलं की ‘केईएमात नेलं’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. मशीनमध्ये बोट गेलं, केईएम. बाळंतपण अडलं, केईएम. म्हणजे आशियातली पहिली शाळा आपल्या माणसांच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. चाकरमानी गणपतीला गावी येताना ट्रंकेतून साखर, कापड, बिस्किटं आणायचे. या विद्येची बातमी मात्र त्या ट्रंकेतून आली नाही. त्यांचा दोष नाही. आपल्या घरातल्या ज्या मुलाला बटण लागत नाही, त्याच्यासाठी शेजारच्या इमारतीत काही आहे, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

ही विद्या बरीच वर्षं मोठ्या शहरांतल्या इस्पितळांतच राहिली. तरी ती बदलत होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तीही आपल्या मुलीमुळे. त्यांच्या मुलीला, मालिनी छिब यांना, सेरेब्रल पाल्सी होती. जन्माच्या सुमाराला मेंदूला इजा झाली की हात, पाय, मान, जीभ यांच्यावर ताबा राहत नाही, त्याला हे नाव आहे. बुद्धी त्यात शाबूत असू शकते. मालिनीताई एका बोटाने टंकलेखन करतात. त्याच बोटाने त्यांनी लंडनच्या पदव्या मिळवल्या आणि आपलं आत्मचरित्र लिहिलं. आपल्या गावात असं मूल जन्माला आलं, तर आपण त्याच्या हातात पाटी देतो, की ‘ह्येका काय कळता’ म्हणून पडवीत बसवून ठेवतो? हा प्रश्न आम्ही आमच्या बैठकीत विचारला, तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

पोलिओ मागे हटला. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आणि २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. उपचारतज्ज्ञांपुढे येणारी मुलं आता वेगळी आहेत. कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणाला स्वमग्नता, कुणी वेळेआधी जन्मलेलं, कुणाला नुसतंच हाताचं काम जमत नाही. कायदाही बदलला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, ती आपल्याच कोकणपट्टीत, पालघरला. या कार्यक्रमात पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या आणि एकदा शाळेतल्या मुलांची तपासणी करायची असते. वाढीत मागे पडलेलं मूल सापडलं, तर त्याला जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवायचं असतं. म्हणजे आता विद्येने आपल्या दाराशी यायचं, असं कागदावर तरी ठरलं. पण पथक येतं त्या दिवशी आपलं मूल मावशीकडे गेलेलं असेल, किंवा ‘आमचं पोर बरं आहे’ म्हणून आपणच मागे ठेवलं असेल, तर कागदाचा उपयोग काय?

आता आमच्या सखीचं पुढे काय झालं? तिने कर्ज घेतलं आणि आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर गेल्या. तिथली उपचार करणारी ताई तरुण होती. तिने मुलाला आधी पेन्सिल दिलीच नाही. त्याला रांगायला लावलं, शिडी चढायला लावली, मातीचा गोळा दाबायला दिला, मणी ओवायला दिले. मग आईला विचारलं, “घरी जेवतो कसा?” आई म्हणाली, “मीच भरवते.” “कपडे?” “मीच घालते.” “अंघोळ?” आईचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आता ही ओरडणार. ताई ओरडली नाही. ती म्हणाली, “तुम्ही खूप करता त्याच्यासाठी. आता त्यातलं थोडं थोडं त्याच्याकडे सोपवू या.”

मग तिने समजावलं. लिहिताना चालतात बोटं, पण बोटांना बळ मिळतं मनगटातून, मनगटाला खांद्यातून आणि खांद्याला पाठीतून. झाडाचं खोड डुगडुगत असेल तर फांदीवर कोण बसणार? या मुलाची पाठ आणि खांदे कमजोर होते, म्हणून तो लवकर थकत होता. तो आळशी नव्हता. त्याच्या आईला हे वाक्य ऐकायला तीन वर्षं लागली.

दुसरी गोष्ट तिने शिकवली ती कामाचे तुकडे पाडण्याची. शर्ट घालणं हे आपल्याला एक काम वाटतं. पण त्यात बाही शोधणं, हात घालणं, शर्ट पाठीवर ओढणं, दोन्ही बाजू जुळवणं, बटण भोकाशी आणणं, ढकलणं, पलीकडून ओढणं अशी कितीतरी कामं आहेत. सगळी एकदम मागितली तर मूल रडतं. म्हणून शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करायची. बटण आईने भोकातून अर्धं बाहेर काढून ठेवायचं, मुलाने फक्त ओढायचं. ओढलं की काम झालं, शाबासकी मिळाली. चार दिवसांनी त्याने ढकलायचंही आणि ओढायचंही. असं मागून पुढे यायचं. प्रत्येक वेळी शेवट मुलाच्या हातून होतो, म्हणून त्याला ‘मला जमलं’ असं वाटतं. पहिलं बटण मोठं आणि भोक सैल असलेलं घ्यायचं. आजोबांच्या जुन्या सदऱ्याचं चालतं.

तिसरी गोष्ट वस्तूंची. चमच्याचा दांडा बारीक असेल आणि पकड धरत नसेल, तर दांड्याला सुती कापड गुंडाळून तो जाड करायचा. ताट सरकत असेल तर खाली ओलं फडकं घालायचं. मूल बसतं तेव्हा त्याचे पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्यायचा. पाय टेकले की पाठ सरळ राहते आणि पाठ सरळ राहिली की हात मोकळा होतो. यातल्या कशाला पैसा लागत नाही.

चौथी गोष्ट आम्हाला अगदी नवी होती. काही मुलांना हाताला वाळू लागलेली चालत नाही, डोक्याला तेल चोळू देत नाहीत, मिक्सरचा आवाज आला की कान झाकतात. काही उलट सारखी आपटतात, गरगर फिरतात, अंगावर पडतात. आपण म्हणतो हट्टी, व्रात्य. अमेरिकेतल्या जीन एअर्स या उपचारतज्ज्ञ बाईंनी याचा अभ्यास करून १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, स्पर्श, आवाज, तोल यांच्या खबरा काही मुलांच्या मेंदूत नीट जुळत नाहीत. अशा मुलाला धरून वाळूत बसवलं तर भीती वाढते. आधी कोरडे तांदूळ, मग ओले तांदूळ, मग बोटाच्या टोकाला वाळू, असं त्याच्या कलाने जावं लागतं.

एक सावधगिरीची सूचना. मुलाचे हात-पाय ताठ असतील तर कुणाच्या सांगण्यावरून ते जोराने ओढून सरळ करू नका, चोळून घेऊ नका. आधी तज्ज्ञाला दाखवा.

त्या ताईने आमच्या सखीला विचारलं, “तुमच्या गावात मुलं काय काय खेळतात?” आम्ही सांगत गेलो आणि ती लिहून घेत गेली. गणपतीच्या शाळेतली माती : श्रावणात मूर्तिकारांकडे उरलेला मातीचा गोळा मिळतो, तो मळणं, दाबणं, त्याचे उंदीर करणं. ओहोटीला खाडीत मुळे आणि शिंपले वेचणं : अंगठा आणि शेजारचं बोट यांची चिमूट इथे तयार होते. अबोलीचा वळेसर करणं, चुडताच्या पात्यांची पिपाणी करणं, जुन्या जाळ्याला गाठी मारणं, लसूण सोलणं, आठळ्या सोलणं, करवंटीने पाणी भरणं आणि ओतणं. सावंतवाडीच्या चितार आळीतला लाकडी भोवरा : दोरी गुंडाळायला एक हात धरतो, दुसरा फिरवतो, दोन्ही हातांचा मेळ बसतो. छोटी कळशी भरून परसात नेणं : खांद्याला जोर मिळतो. ताई म्हणाली, “उपचारकेंद्रात महिन्यातून दोनदा याल. हे तर तुमच्याकडे रोज आहे.”

हे ऐकताना आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. बी.ए.ला असताना त्यांच्याविषयी वाचलं होतं. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला, आपल्यासारख्याच समुद्रकाठच्या गावात, गरिबांच्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, खडे यांतून मुलांना शिकवलं. त्या शिक्षिका होत्या, उपचारतज्ज्ञ नव्हत्या. पण परिसरातल्या वस्तूंनी मुलाचा हात आणि डोकं घडतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

इथे कुणी म्हणेल, मग केंद्रात जायलाच कशाला हवं? तसं नाही. कोणत्या मुलाला काय द्यायचं, किती द्यायचं, हे शिकलेल्या माणसानेच ठरवायचं. लसूण सोलणं सगळ्यांना औषध नाही. आणि मुलाला कामाला जुंपणं हा तर याचा अर्थ मुळीच नाही.

कधी विचारायचं, त्याच्या काही साध्या खुणा सांगतो. बाळ नऊ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नाही. एक वर्षाचं होऊनही चिमटीत चुरमुरा उचलत नाही. दीड वर्षाचं होऊनही चालत नाही. एक हात सतत मुठीत असतो, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, दुसरा विसरल्यासारखा ठेवतं. हाक मारली तर बघत नाही. पाच वर्षांचं होऊन एकही बटण लावता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण : आधी येत असलेलं काम मूल विसरायला लागलं, तर एक दिवसही थांबू नका. प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढतं हे खरं, आणि एखादी खूण दिसली म्हणजे आजारच आहे असंही नाही. पण विचारल्याने काही बिघडत नाही. पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो, तेव्हा दिलेली मदत जास्त कामाला येते.

कुणाला विचारायचं? पहिल्यांदा आपल्या आशाताई आणि अंगणवाडीताई. तपासणी पथक कधी येणार ते त्यांना माहीत असतं. मूल शाळेत असेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षक असतात, त्यांची चौकशी करा. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. तिथे गेलात तर ‘मुलाची वाढ आणि विकास तपासायचा आहे’ अशा शब्दांत स्पष्ट सांगा. मिळालेला प्रत्येक कागद एका पिशवीत ठेवा, पुढे दाखल्याला लागतो.

आता एक कडू गोष्ट. आमच्याच भागात एक मुलगी आहे, आता सोळा वर्षांची. लहानपणी तिचे हात ताठ होते. आईने तिला फुलासारखं जपलं, भरवलं, न्हाऊ-माखू घातलं. कुणी काही सांगितलं नाही म्हणून कुठे नेलं नाही. त्या मुलाविषयी ऐकल्यावर तिची आई बैठकीला आली आणि म्हणाली, “माझ्या चेडवाच्या टायमाक तुमी खंय होतात?” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. परळला शाळा सुरू होऊन साठ वर्षं उलटली होती तेव्हा ती मुलगी जन्मली. गेल्या वर्षी आम्ही तिलाही घेऊन गेलो. आता ती जाड दांड्याच्या कपाने आपलं पाणी आपण पिते आणि केसांवरून कंगवा फिरवते. वेणी आईच घालते. लहानपणी नेलं असतं तर किती फरक पडला असता, हे कुणीच सांगू शकत नाही आणि तेच तिच्या आईला झोपू देत नाही.

तो मुलगा आता सात वर्षांचा आहे. हाताने जेवतो. पाचांपैकी चार बटणं लावतो, गळ्याजवळचं अजून लागत नाही. लिहिणं हळू आहे, पण मुठीत पेन्सिल धरत नाही. यंदा रापणीला त्याने दोरी शेवटपर्यंत धरली आणि वाट्याला आलेले चार बांगडे आजीपुढे आणून ठेवले.

गटाने यातून तीन गोष्टी ठरवल्या. अशा तपासणीसाठी प्रवासाला कर्ज लागलं तर ते पहिल्या बैठकीतच मंजूर करायचं. आईबरोबर गटातली एक तरी बाई जाईल, कारण तिथे सांगितलेलं एकटीच्या लक्षात राहत नाही. आणि त्या दिवशी तिची माशांची पाटी दुसरी कुणीतरी बाजारात नेईल, म्हणजे दिवसाची कमाई बुडणार नाही. कमलाबाईंनी आणि फातिमाबाईंनी शहरात जे उभं केलं, ते केंद्रापासून घरापर्यंत आणायला आमच्या हातात एवढंच होतं.

आणि रजिस्टरातला तो रकाना? बरीच चर्चा झाली. मूळ हशा ज्यांनी केला, त्या काकींनीच शेवटी तोडगा काढला. “लिवा, झिलाच्या बटनासाठी,” त्या म्हणाल्या. तसंच लिहिलं आहे. लेखापरीक्षणाला आलेल्या बाईंनी बोट ठेवून विचारलं, हे काय? तेव्हा त्यांनाही आम्ही ही सगळी गोष्ट सांगितली.

सख्यांनो, तुमच्या पुढच्या बैठकीत बचत मोजून झाली, की एक प्रश्न विचारा : आपल्यापैकी कुणाच्या घरी असं मूल आहे का, ज्याच्याविषयी आपण ‘मोठो झालो की येतला’ म्हणत आलो आहोत? कुणी मान खाली घातली तर तिच्या शेजारी जाऊन बसा. बाकी बोलणं आपोआप होईल.